चाळीचं विरजण

कालिंदीने दह्याची दुसरी वाटी पुढे केली तेव्हा सुरुचीला हसू आवरेना.

"अहो, मी चौकशीला आलेय, जेवायला नाही."

"खावा हो मॅडम. दावा दह्याचाच आहे ना?"

दावा खरंच दह्याचा होता. लालबागच्या या चाळीतल्या विरजणात एका कंपनीला नवाच जिवाणू सापडला होता आणि त्यापासून औषध निघणार होतं. कायदा म्हणतो, असा जीव ज्या समाजाने जपला त्याची तशी नोंद व्हावी, फायद्यात त्याला वाटा मिळावा. कालिंदीने अर्ज केला होता चाळीच्या पुढच्या इमारतीतल्या कोकणी घरांच्या वतीने. चाळ पडणार होती. घरं पांगायच्या आत चाळीचं नाव सरकारदरबारी लागावं म्हणून ती वर्षभर खेटे घालत होती. विरजण घरोघर फिरलं कसं, एवढंच पाहायला अर्ज तपासणाऱ्या समितीने सुरुचीला पाठवलं होतं.

"सासूबाईंनी गावाहून बोटीतनं आणलं," कालिंदी म्हणाली. "मग चाळभर तेच. कुणाचं नासलं की शेजारणीकडून चमचाभर."

"मागच्या इमारतीतही?"

"ती बौद्धांची घरं. राधाबाई वगैरे माणसं एकदम चांगली हो, पण विरजण आमचं."

सुरुची दारोदार फिरली. जी ती म्हातारी म्हणे, शेजारणीकडून आणलं. कुठल्या शेजारणीकडून, ते मात्र कुणालाच आठवेना. आणि प्रत्येकीने ठसक्यात बजावलं, "दिवे लागल्यावर आम्ही विरजण घराबाहेर देत नाय हां. लक्ष्मी जाते."

सुरुचीच्या आईचाही हाच नेम होता, त्यामुळे तिने आधी नुसती मान डोलावली. गॅलरीत आल्यावर तिला कोडं पडलं. या म्हाताऱ्या बायका तरुणपणी दिवसभर गिरणीत. दिवेलागणीनंतर घरी यायच्या, मग दूध तापवायच्या. विरजण संपलंय हे तेव्हाच कळणार. मग त्या वेळी द्यायचं कुणी?

तिला राहवेना. ती परत कालिंदीकडे गेली आणि खाटेवर पडलेल्या तिच्या सासूबाईंना, कमलबाईंनाच तिने विचारलं.

"सांगा ना आई," कालिंदी उत्साहाने म्हणाली.

कमलबाईंनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"कालिंदी, दार लोट गो."

कालिंदीने दार लोटलं.

"गावचा विरजण बोटीतच नासला होता. आणि दिवे लागल्यावर आमच्यात कोण देणार? राधाबाय द्यायची. दीक्षा घेतल्यापासून तिने असले नेम सोडलेले. मी पदराखाली वाटी लपवून जायची, कुणाला कळू नये म्हणून. पहिल्या दिवशी तिच्या जिन्यात शिरले, तर आपल्या इमारतीतल्या सगळ्याजणी तिथे आधीच उभ्या, पदराखाली हात घालून."