नाजूक पोरी

"आजी, बाटलीच आण. मला आता नाही सोसवत," केतकी रडवेली होऊन मथुराबाईंना म्हणाली. बारा दिवसांचं बाळ भुकेने टाहो फोडत होतं आणि तिची स्तनाग्रं कोरडी पडून चिरली होती.

"लोण्याच्या पोरी!" बाळ बघायला येऊन आठवडाभर मुक्काम ठोकलेल्या मथुराबाईंच्या वन्संनी नाक मुरडलं. "डाळीच्या पिठाने आणखी घास, कातडी निबर होईल. मी चार मुलं पाजली, कधी हूं की चूं केलं नाही."

म्हणजे पिठाचं शहाणपण या बाईचं होतं तर! मथुराबाईंना आपल्या या नणंदेचं पन्नास वर्षांपूर्वीचं पहिलं बाळंतपण लख्ख आठवलं.

"वन्सं, तुमचं अंथरूण मी धूत होते. पाजताना तुम्ही गोधडीचा कोपरा दातात धरायचात. चावून चावून त्याच्या चिंध्या झाल्या. शेवटी पीठ बंद करून साजूक तूप लावलं, तेव्हा कुठे कातडी मऊ पडली. आणि म्हणे हूं की चूं नाही!"

वन्सं लालबुंद झाल्या. "तुपाचा तोरा नको, वहिनी. पोराला नीट धरायला माझ्या आईने शिकवलं, म्हणून निभावलं." तरातरा उठून त्यांनी बाळाला केतकीकडे वळवलं. "नुसतं टोक देऊ नकोस गं. मोठा आ करू दे, मग छातीशी घे."

बाळ चुटुचुटू पिऊ लागलं. केतकीचे खांदे सैल झाले. "आजी, फारसं दुखत नाहीये!"

"ऐकलंत?" मथुराबाई फणकारल्या. "आठ दिवस पीठ चोळायला लावलंत, पण धरायचं कसं हे सांगायला काय दातखीळ बसली होती?"