सत्काराची शाल

सरपंचांनी नवऱ्याच्या खांद्यांवर शाल घातली, तेव्हा शेवंता निरांजनाचं तबक घेऊन मंचाखाली उभी होती. परदेशातून गावात पैसा आणणाऱ्यांचा सत्कार होता. अकरा वर्षं कुवेतला परक्यांच्या घरी राबून पैसे पाठवले होते तिनं. पण बँकेतलं खातं नवऱ्याचं, म्हणून यादीतही नाव त्याचंच. तो चिपळूणच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

"वहिनी, ओवाळा की!" सरपंच हसत म्हणाले.

शेवंता तरातरा पायऱ्या चढली. शाल ओढून तिनं आपल्या अंगावर घेतली, तबक नवऱ्याच्या हातात दिलं आणि त्याच्या खुर्चीत ऐसपैस बसली.

"कुवेतला मी होते." तिचा आवाज माईकविनाच मागच्या रांगेपर्यंत गेला. "ओवाळा आता मला. आणि वात सांभाळा."