मरळीची पिल्लं

खुशालराव उंबरठ्यातच थांबले. माजघरात पाय ठेवायला जागा नव्हती.

घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडून ठेवलेली. घागरी, गुंड, घंगाळं, हंडे. प्रत्येकात पाणी, प्रत्येकावर टोपली नाहीतर सूप, आणि वर एकेक दगड. झरोक्यातून आलेलं माघाचं ऊन मधल्या काचेच्या बरणीतून जाऊन भिंतीवर हलत होतं. सगळी भिंतच पाण्याखाली गेल्यासारखी दिसत होती. मधूनच एखाद्या भांड्यात बुडबुडा फुटल्यासारखा आवाज येई. मग दुसऱ्यात. मग पार कोपऱ्यात.

“अवं, हे काय मांडून ठेवलं?”

सत्यभामाबाई बरणीपाशी बसल्या होत्या. “जपून या,” त्या हळूच म्हणाल्या. “दचकतेत ते.”

श्रावणात भोयांनी पेढी नदीत एक मोठी मरळ धरली होती. तिची तांबडी, तांदळाएवढी पिल्लं नंतर कितीतरी वेळ त्याच जागी गोल गोल फिरत राहिली. सुभद्रा भोईणीनं ती ओंजळीनं उचलून सत्यभामाबाईंना आणून दिली. तेव्हा सगळी मिळून एका बरणीत मावली होती, आणि खुशालराव हसले होते. मग कपाशीचा हंगाम आला. दूर कुठंतरी गोऱ्यांच्या मुलखात लढाई पेटली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याची कळा आली होती. वलगावच्या बैलबंड्या अमरावतीला जात, रिकाम्या होऊन येत, पुन्हा जात. खुशालराव तिकडंच राहिले, ते आज परतले होते.

“इतके भांडे काहून लागतेत?”

“मोठा लहान्याले खाते,” बाई म्हणाल्या. “दोघं एकात ठेवले का सकाळी एकच राह्यते. मंग येगळे येगळे ठेवले.”

खुशालरावांनी पागोटं उतरवून खुंटीला लावलं. “मोठे झाले म्हनते न? बरं झालं. संध्याकाळी मुंबईचा दलाल जेवायले येऊन राहिला. कोकणातला मानूस, त्याले मासोळी लागते. मी मरळ खाऊ घालतो म्हनलो. यंदाचा सारा कापूस त्याच्या हातात हाये. चार-पाच काढ.”

सत्यभामाबाईंनी जवळची रिकामी टोपली त्यांच्यापुढं सरकवली.

“तुमीच काढा,” त्या म्हणाल्या. “मले कोनता काढू ते समजत नाई.”

खुशालरावांनी धोतर खोचलं आणि पहिल्या घंगाळावरचं सूप उचललं. आत वीतभर काळसर मासा स्थिर होता. तो हळूहळू वर आला, पाण्याबाहेर तोंड काढून त्यानं हवेचा एक घोट घेतला, त्यांच्याकडं पाहिलं आणि खाली गेला.

“हा?”

“त्याचं शेपूट भावानं खाल्लं होतं. आता कुठी भरून आलं.”

त्यांनी दुसरं भांडं उघडलं.

“हा?”

“तो माह्याच हातचं खाते. सुभद्रा बेडकी टाकते तं पाहत बी नाई.”

तिसऱ्यातला मासा त्यांच्या बोटाच्या सावलीमागं गोल फिरला. खुशालरावांनी बोट उलट फिरवलं. मासाही उलट फिरला. ते उकिडवे बसले, मग मांडी घालून बसले. बाजारातला गलका, काट्यावर चढणाऱ्या कापसाच्या बोंद्र्या, दलालाची घाई, सगळं दूर कुठंतरी राहिलं. भिंतीवरचं ऊन सरकत सरकत आढ्याकडं गेलं तरी ते एका भांड्यावरून दुसऱ्यावर जातच होते. हातातली टोपली कोरडीच होती.

शेवटी ते कोपऱ्यातल्या तांब्याच्या हंड्यापाशी आले. झाकण काढून वाकले. बराच वेळ वाट पाहिली. वर कुणीच आलं नाही. तळाचा ठोका न् ठोका दिसत होता.

“यात काहीच नाई.”

“नाई. एक होता. दिवाळीत उडी मारून बाहीर पडला. उजाडल्यावर दिसला.”

“पानी तं ताजं हाये.”

“रोज बदलतो मी,” त्या म्हणाल्या.

“काहून?” ते म्हणाले. “कोनासाठी?”

सत्यभामाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“सुभद्रेच्या सुनेले पाळणा पायजे होता,” त्या म्हणाल्या. “माळ्यावरचा देऊ काय म्हनलं, तं तुमी ताटावरून उठले.”

त्यांचा पाळण्यातला उद्धव जाऊन दोन पावसाळे झाले होते. त्याचं नाव घरात कुणी घेत नसे.

खुशालरावांनी हंड्यावर झाकण ठेवलं. ते तिरपं बसलं होतं, ते सरळ केलं. मग म्हणाले, “बेसन हाये न घरात?”

“हाये.”

दिवस मावळता मावळता दलाल आला. मांडलेली भांडी पाहून त्याचे डोळे चमकले. एकदोन टोपल्या त्यानं स्वतःच वर करून पाहिल्या.

“वा, खुशालराव! ही तर मेजवानीच!”

“पिठलं केलं हाये,” खुशालराव म्हणाले.

दलाल हसला. मग ते थट्टा करत नाहीत हे त्याच्या ध्यानात आलं.

“बरं,” तो जरा रुक्षपणे म्हणाला. “कापसाचं मग उद्या बघू.”

“पाहू.”

पाय धुवायला पाणी शोधत दलाल कोपऱ्यात गेला. तांब्याच्या हंड्यावरचं झाकण त्यानं बाजूला केलं आणि हातातला तांब्या आत घालणार, तोच खुशालरावांनी त्याचं मनगट धरलं.

“का हो? यात तर काहीच नाही.”

“नाई,” खुशालराव म्हणाले. त्यांनी त्याच्या हातातून तांब्या घेतला. “चाला, विहिरीवर चाला. मी शेंदून देतो.”