एकाच शिळेवर

घणाचे घाव शेजारी पडत होते आणि कुमुदताईंच्या भिंतीतल्या दगडी फळीवरचे देव हादरत होते. त्या तरातरा फर्टाडोंकडे गेल्या.

"अहो, भिंत पाडू नका! माझं घर कोसळेल."

"ताई, नवं घर बांधतोय. भिंत माझी, तुम्ही नुसत्या टेकून बसलात!"

साहेबाच्या काळातली ती काळ्या दगडी घरांची ओळ. दोन घरांत भिंत एकच. फर्टाडोंच्या क्रूसाच्या दगडी फळीलगत भिंतीला आरपार भोक पडलं होतं. कुमुदताईंनी वाकून पाहिलं आणि त्या थक्क झाल्या. पलीकडे त्यांचेच देव पाठमोरे उभे होते. दोन्ही फळ्या म्हणजे भिंतीतून गेलेली एकच अखंड शिळा होती.

फर्टाडोही वाकले. शिळेवरून हात फिरवत म्हणाले,

"तुमचे देव आणि माझा येशू एकाच पाटावर!"

मग त्यांनी गवंड्याकडे पाहिलं. "घण खाली ठेव रे. नव्या घराला हीच भिंत."