चॉकलेटचा डबा

आमच्या प्लोवदिव शहरात रीतच आहे: कुणाचं काही चांगलं झालं की त्यानं चॉकलेटचा डबा घेऊन सगळ्या कचेरीत फिरायचं. नातू झाला, डबा. गाडी घेतली, डबा. ओग्न्यानसाहेबांना मात्र कारण विचारायला कधी सवड नसायची. संगणकावरची नजर न हलवता ते चॉकलेट उचलायचे आणि "असे प्रसंग वारंवार येवोत!" म्हणून मोकळे व्हायचे.

या महिन्यात तर इतके डबे फिरले की साहेबांची छातीच फुगली. कोण म्हणतं इथं कामाचा ताण आहे? माणसं कशी सुखात आहेत!

शुक्रवारी बारा वर्षं इथं नोकरी केलेल्या झोर्नित्साबाई डबा घेऊन आल्या. साहेबांनी चॉकलेट तोंडात टाकलं.

"बरं झालं आलात. रविवारी सगळ्यांना बोलवा. 'काम आणि घर यांचा समतोल' यावर दिवसभराचं शिबिर ठेवलंय. दांडी चालणार नाही."

"मी नाही येणार, साहेब. आज माझा शेवटचा दिवस. त्याचाच तर डबा आहे हा."

साहेबांना जोरदार ठसका लागला. "राजीनामा? मला न विचारता?"

"तुम्हीच सही केलीत की. न वाचता."

"बोलवा त्या बिसेराला! तिचा कर्मचारी विभाग काय झोपा काढतोय?"

झोर्नित्साबाईंनी शांतपणे डब्याचं झाकण लावलं.


"तिचा डबा मंगळवारीच फिरला, साहेब. तुम्ही दोन उचललीत, आणि म्हणालात, 'असे प्रसंग वारंवार येवोत!'"