दोन श्रोते

सकाळच्या श्रोतेसंख्येच्या तक्त्यात खणभागातल्या एका घरच्या कार्यक्रमापुढे दोन हा आकडा दिसला, तेव्हा रेडिओ केंद्रावरच्या रेवती चौगुलेने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेडिओ ज्याच्या त्याच्या आवडीचा कार्यक्रम स्वतःच रचू लागल्यापासून अख्ख्या सांगलीत प्रत्येक कार्यक्रमाला एकच श्रोता असायचा. श्रोते मोजणारं मीटर बिघडलं असणार, म्हणून तिने त्या घरी फोन लावला.

“बिघडलाय तो ह्यांचा रेडिओ,” उपाध्येकाकू म्हणाल्या. “सोमवारपासून माझाच ऐकत बसतात. नावं ठेवतात, पण उठत नाहीत. दुरुस्तीला माणूस इतक्यात पाठवू नका.”

रेवतीने तो आकडा तसाच ठेवला. संध्याकाळी घरी गेल्यावर तिने नवऱ्याच्या रेडिओतले सेल काढले आणि पिठाच्या डब्यामागे लपवले.