खांब जागेवरच

जेवणाचं ताट तसंच ठेवून नेनेसर फोनकडे बघत बसले होते. नव्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणं त्यांनी परवाच लेकीला बंगळुरूला पाठवली होती.

मुलांसाठी खेळांवरच्या रहस्यकथा लिहिताना सरांची एकच रीत होती. तीन प्रकरणं झाली की केतकीला वाचून दाखवायची. ती फरशीवर पालथी पडून ऐकायची आणि मध्येच ओरडायची, "बाबा, चोर तो पंचच आहे ना?" मग सर चडफडत कागद फाडायचे आणि नवा चोर शोधायला बसायचे. त्यांच्या एकाही पुस्तकात पहिला ठरवलेला चोर शेवटी पकडला गेला नव्हता.

फोन वाजला.

"बाबा, वाचलं हं! भन्नाट झालंय. चोर कोण ते मला अजिबात ओळखता आलं नाही!"

खो-खोच्या अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी मैदानातले दोन्ही खांब चोरीला जाणार होते, पण ते चौथ्या प्रकरणात. तिला पाठवलेल्या पानांत मुलं नुसती सराव करत होती आणि खांब जागेवरच होते.

"बाबा, ऐकताय ना? मीटिंग आहे, ठेवू का?"

"ठेव, ठेव. तुलाही ओळखता आला नाही, म्हणजे जमलं म्हणायचं."

ताट बाजूला सारून त्यांनी चौथं प्रकरण लिहायला घेतलं. या वेळी चोर बदलावा लागणार नव्हता.